वाचकांचे प्रश्न : आरशाचा कॅमेरा काढून टाकावा का?

प्रश्न : माझ्याकडे कॅनन ५डी मार्क ३ आहे. सोबत २४-१०५ एफ/४, ७०-२०० एफ/२.८ (दुसरी आवृत्ती) आणि ५० एफ/१.८ या ईएफ (कॅननच्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स. गणेशोत्सवातली नाटकं, गाण्याचे कार्यक्रम आणि अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या (दिव्यांनी सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) असे फोटो मी काढतो. अंधारात बरेच चेहरे धूसर येतात. कॅननचाच आर६ मार्क २ हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा घ्यावा असं मनात आहे. फरक खरंच एवढा आहे का? लेन्सही बदलाव्या लागतील का? — एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : आधी धूसरपणा कुठून येतो ते शोधा. त्याची कारणं निरनिराळी असतात आणि नवा कॅमेरा सगळ्यांवर सारखा उपाय करत नाही.

पहिला संशय फोकसवर घ्यावा. डीएसएलआरमध्ये, म्हणजे तुमच्या ५डीसारख्या आरशाच्या कॅमेऱ्यात, फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली. मुख्य आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून थोडा प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडतो आणि तिथून खाली वळतो. हे अंतर आणि मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर यांत केसभर फरक पडला, की कॅमेरा ‘फोकस झाला’ म्हणतो आणि डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे हा दोष तिथे मुळातच उद्भवत नाही. मात्र तुमच्या ५डीमध्येही तो दुरुस्त करता येतो, तोही फुकट.

कॅमेरा तिवईवर ठेवा. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा आणि शेजारी एक फूटपट्टी ४५ अंशांत तिरपी लावा, पट्टीचा मधला आकडा पानाच्या पातळीत येईल अशी. अंतर फोकल लेंग्थच्या सुमारे ५० पट हवं, म्हणजे ५० मिमीला अडीच मीटर, २०० मिमीला दहा मीटर. घरात दहा मीटर मिळत नाहीत, म्हणून ही चाचणी गच्चीवर किंवा जिन्यात केलेली बरी. छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं, मधला फोकस बिंदू, वन-शॉट (फोकस एकदा धरून थांबणारी पद्धत), दोन सेकंदांचा टायमर. दर वेळी फोकसची रिंग आधी अनंताकडे फिरवून मग फोकस करा आणि दहा फोटो काढा. शेवटी लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, चित्र १० पट मोठं करून हाताने फोकस केलेला एक फोटो काढा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून पाहा.

दहाही फोटोंत फोकस एकाच बाजूला सरकलेला असेल तर एएफ मेन्यूच्या पाचव्या पानावरचं मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट (फोकस थोडा पुढे-मागे सरकवण्याची सोय) वापरा. फोकस पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला पडत असेल तर अधिककडे जा, मागे पडत असेल तर वजाकडे. पाच-पाचच्या पायरीने सुरुवात करावी. झूम लेन्सला वाइड आणि टेलीचे आकडे वेगवेगळे देता येतात. काही फोटोंत पुढे, काहींत मागे असं येत असेल, तर या आकड्यांनी काही साधणार नाही.

दुसरं कारण म्हणजे हालचाल. रंगमंचावर १/६० सेकंदाच्या शटरला काढलेला हात हललेलाच येणार. आर६ मार्क २ मध्ये सेन्सरच स्थिर ठेवण्याची सोय आहे, पण ती तुमच्या हाताचा कंप शोषते, नटाचा नाही. ५० एफ/१.८ ला स्वतःचं स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे ती लावल्यावर या सोयीचा फायदा होईल. माणसं गोठवायची तर १/२०० च्या पुढेच जायला हवं आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरं कारण फोकस बिंदूंची जागा. ५डी मार्क ३ चे ६१ बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटीवाटीने आहेत. चेहरा कोपऱ्यात घ्यायचा तर फोकस करून कॅमेरा वळवावा लागतो आणि एफ/१.८ ला तेवढ्यानेही डोळा सुटतो. नव्या कॅमेऱ्याचं खरं बळ इथे आहे. तो जवळजवळ पूर्ण चौकटीत फोकस करतो, डोळा ओळखतो आणि नट फिरला तरी धरून ठेवतो. अंधारात फोकस करण्याची क्षमता जुन्याची उणे २ ईव्ही, नव्याची उणे ६.५ ईव्ही अशी जाहीर केलेली आहे (ईव्ही हे उजेडाचं माप, आकडा जितका उणे तितका अंधार जास्त). पण हा दुसरा आकडा एफ/१.२ ची लेन्स लावून दिलेला आहे. २४-१०५ एफ/४ मधून त्यापेक्षा साडेतीन स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कमी प्रकाश आत येतो, हे कॅटलॉग वाचताना विसरू नये.

चित्राच्या दर्जात मेगापिक्सेलवर जाऊ नका. २२.३ आणि २४.२ यांतला फरक छापील फोटोत शोधूनही सापडायचा नाही. फरक सावल्यांत आहे. आयएसओ १०० चा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला) फोटो तीन स्टॉप उजळला, तर ५डी मार्क ३ च्या गडद भागात उभ्या-आडव्या रेघा उमटतात; नव्यात तो भाग स्वच्छ राहतो. आयएसओ ६४०० च्या पुढे मात्र ही आघाडी बरीच आक्रसते, फार तर एखाद्या स्टॉपची म्हणा.

आता झांक्या. इथे नवा कॅमेरा नवीच डोकेदुखी आणू शकतो. गाण्याच्या बैठकीत आवाज नको म्हणून लोक इलेक्ट्रॉनिक शटर लावतात आणि तेच झांकीला तसंच राहतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आर६ मार्क २ चा सेन्सर इलेक्ट्रॉनिक शटरने वरपासून खालपर्यंत वाचायला साधारण १५ मिलीसेकंद लागतात. तेवढ्यात दिवा दीड वेळा लुकलुकतो आणि वेगवान शटरला फोटोवर काळे-उजळ पट्टे येतात. मंद केलेल्या एलईडी त्याहून जलद लुकलुकतात, तिथे पट्टेही जास्त. यांत्रिक पडदा काही मिलीसेकंदांतच चौकट ओलांडतो, म्हणून त्याला हा त्रास बराच कमी. झांकीला यांत्रिक शटर आणि १/१०० ठेवा, म्हणजे दिव्याचं एक आवर्तन पूर्ण सामावतं. रवींद्र नाट्यगृहासारख्या ठिकाणी, जिथे संपूर्ण मंचावर एकाच प्रकारचे दिवे असतात, तिथे या कॅमेऱ्यातली उच्च वारंवारतेची अँटी-फ्लिकर सोय उपयोगी पडते. झांकीवर दहा प्रकारच्या माळा असतात, तिथे ती कुणाकुणाला पुरणार?

लेन्स अजिबात विकू नका. त्या नव्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॉप्टरमध्ये काच नसते. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं ईएफचं ४४ मिमी आणि आरएफचं (नव्या कॅमेऱ्याच्या लेन्सचं) २० मिमी यांतलं २४ मिमी अंतर तो भरून काढतो, बस. तिन्ही लेन्सचा ऑटोफोकस चालेल. विद्युत संपर्क नसलेली स्वस्त रिंग मात्र घेऊ नये. तिच्यातून ना फोकस होतो, ना छिद्र बदलतं.

‘मिररलेस हलका असतो’ हे तुमच्या बाबतीत फारसं खरं नाही. बॅटरी-कार्डासह ५डी ९५० ग्रॅम, नवा ६७० ग्रॅम. त्यात अ‍ॅडॉप्टरचे ११० धरा आणि ७०-२०० चे १४९० दोन्हीकडे सारखेच. २४४० च्या जागी २२७० ग्रॅम, म्हणजे मानेवरून उतरले अवघे १७० ग्रॅम.

काही छुपे खर्चही आहेत. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डं निरुपयोगी होतील, कारण नव्यात दोन्ही खाचा एसडीच्या आहेत. जुनी एलपी-ई६ बॅटरी चालते, पण कॅमेऱ्यात ठेवून यूएसबीने चार्ज होत नाही. शिवाय व्ह्यूफाइंडरमधून पाहत काम केलं, तर एका बॅटरीत जुन्याच्या निम्म्याहूनही कमी फोटो मिळतात. झांक्यांच्या रात्रीला तीन बॅटऱ्या धरा. जुना फ्लॅश पेटेल, पण त्याचे लाल जाळीदार मदत-किरण मिररलेसच्या फोकसला उपयोगी पडत नाहीत. इतर कंपनीचा ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र) लावून व्ह्यूफाइंडर काळाठिक्कर दिसला तर घाबरू नका, एक्स्पोजर सिम्युलेशन (फोटो जितका उजळ येईल तितकंच व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणारी सोय) बंद करा.

आमचं मत : चाचणीत दोष मायक्रोअ‍ॅडजस्टमेंटने सुटला आणि तक्रार तेवढीच होती, तर यंदा थांबा. नाटकं हेच मुख्य काम असेल तर घ्या, आणि ५डी दुसरा कॅमेरा म्हणून ठेवा. वाइड लेन्स त्यावर लावली की कार्यक्रमात लेन्स बदलत बसावं लागणार नाही.

प्रश्न : निकॉन डी७२०० सोबत १८-१४० डीएक्स आणि ५० एफ/१.८ डी वापरतो. निकॉनचा झेड५ हा मिररलेस घेतला तर याच लेन्स चालतील? — एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : चालतील, पण दोन्ही लंगड्या. १८-१४० ही छोट्या (डीएक्स) सेन्सरची लेन्स आणि झेड५ चा सेन्सर मोठा असल्याने २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून तुम्हाला दहाच्या आसपास मिळतील. ५० एफ/१.८ डी मध्ये स्वतःची मोटर नाही. डी७२०० तिला आपल्या मोटरने फिरवतो. जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये तशी मोटर नाही, म्हणून फोकस हातानेच. फक्त बॉडीपुरतं बजेट असेल तर हा व्यवहार टाळा. बॉडीसोबत एक झेड लेन्स घेता येईल तेव्हाच विचार करा.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) मिररलेस न्यावा का? सेन्सर उघडा असतो म्हणून गुलाल लवकर आत जातो असं ऐकलं. — एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : लेन्स काढली तरच. डीएसएलआरमध्ये आरसा आणि पडदा आडवे असतात, मिररलेसमध्ये बहुधा सेन्सर थेट समोर. काही मॉडेल्समध्ये कॅमेरा बंद केल्यावर पडदा मिटण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. पडद्याला बोट मात्र लावू नका, तो सेन्सरपेक्षाही नाजूक. गेरमध्ये लेन्स बदलायचीच नाही, एवढा नियम पाळला तर दोन्ही कॅमेरे सारखेच.

खरा धोका झूमचा आहे. बाहेर येणारी लेन्स आत-बाहेर करताना हवा ओढते आणि हवेबरोबर गुलालही. शक्यतो ३५ किंवा ५० मिमीची एकच लेन्स लावा, पुढे साधा यूव्ही फिल्टर, अंगावर पावसाळी कव्हर. यूएसबी आणि फ्लॅशच्या झाकणांवर कागदी चिकटपट्टी लावा. टँकरच्या पाण्याने ओला झालेला गुलाल घट्ट बसतो, आणि कोरडा असताना फडक्याने पुसला तर काचेवर चरे पडतात. म्हणून घरी आल्यावर आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश आणि फडकं सगळ्यात शेवटी.

सेन्सरवर डाग आहे का ते पाहायला एफ/१६ ला निरभ्र आकाशाचा फोटो काढा. डाग दिसले तर बॅटरी पूर्ण भरून मॅन्युअल क्लीनिंग निवडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून ब्लोअर मारा. दाबाच्या हवेचा कॅन वापरू नका, त्यातून द्रव उडतो. तरीही डाग राहिला तर २४ मिमी रुंदीचा फुल-फ्रेम स्वॅब, द्रवाचे दोन थेंब, एका दिशेने एकदाच, मग दुसऱ्या बाजूने उलट एकदा. रंगाचा डाग असेल तर हेही करू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. ओला रंग सगळ्या काचेवर पसरतो.

प्रश्न : डीएसएलआर बंद झाले म्हणतात. आता जुना विकत घेणं मूर्खपणा ठरेल का? — एक वाचक, इंदूर

उत्तर : कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, दोघांचं लक्ष मिररलेसवर आहे. म्हणून जुना कॅमेरा फोटो काढायचं थांबवत नाही. शिकण्यासाठी, दिवसाच्या फोटोंसाठी जुना फुल-फ्रेम आजही उत्तम सौदा आहे. घेताना शटरचे किती फोटो झाले ते विचारा (५डी मार्क ३ चं शटर दीड लाखांसाठी बनवलेलं आहे), आरशामागचे रबर चिकट झालेत का पाहा, दोन्ही कार्डांच्या खाचांत स्वतःचं कार्ड घालून फोटो काढा आणि कॉम्पॅक्ट फ्लॅशच्या खाचेतली एखादी पिन वाकलेली नाही ना, हे टॉर्चच्या उजेडात तपासा. वाकलेली पिन निघाली तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका.