कोल्हापुरात पॅरालीगल कोर्स करतोय, दिवाळखोरीचं कामकाज कसं शिकू?

आधी बघा, बुडालंय कोण: कंपनी की माणूस? कंपनी असेल तर २०१६ चा आयबीसी (दिवाळखोरी संहिता) कायदा, आणि प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या प्रकरणांच्या न्यायाधिकरणात. हायकोर्टाचं सर्किट बेंच २०२५ मध्ये कोल्हापुरात आलं, एनसीएलटी काही आलेलं नाही. साधा दुकानदार असेल तर अजूनही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, अर्ज इथल्याच कोर्टात. नव्या मुलांचा निम्मा गोंधळ इथेच होतो.

कलमं घोकू नका. आयबीसीच्या कलम ९ चं, म्हणजे पैसे थकलेल्या पुरवठादाराने केलेल्या अर्जाचं, एक प्रकरण स्वतः उभं करून बघा. समजा, शिरोलीच्या फाउंड्रीचे पुण्यातल्या कंपनीकडे पैसे अडकलेत. आधी कलम ८ ची पैसे मागणारी नोटीस, दहा दिवस वाट, तरी दमडी आली नाही तर फॉर्म ५ मध्ये एनसीएलटीकडे अर्ज. थकबाकी किमान १ कोटी हवी. मार्च २०२० पर्यंत १ लाख पुरत होते. बिलं, चलनं, खातेउतारा, ईमेल तारखेप्रमाणे लावा आणि नोटिशीच्या आधी समोरच्याने ‘कास्टिंग सच्छिद्र निघालं’ अशी तक्रार केली होती का, हे डोळ्यांत तेल घालून शोधा. असा खरा वाद आधीपासून असेल तर अर्ज फेटाळला जातो. त्यावर सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा मोबिलॉक्स निकाल वाचाच.

सरावासाठी पेपरातल्या जाहीर सूचना कापून ठेवा. अर्ज दाखल करून घेतल्यावर सूचना स्थानिक भाषेतल्या पेपरातही द्यावी लागते. तिच्यावरून येणं मागायचे दाव्याचे फॉर्म, पुरवठादाराचा फॉर्म बी आणि बँकेचा फॉर्म सी, भरून बघा. एनसीएलटीचे आदेश तर वेबसाइटवर फुकटच मिळतात.