गोदीतला एक दिवस केवढ्याला?

तुम्ही विचारलंय: नौदलात इंजिनिअर ऑफिसर म्हणून २० वर्षं झाली, पेन्शन बसली, सिंगापूरच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात मॅनेजरची जागा मिळतेय, बायको शिक्षिका, मुलगा १४ चा. यावं का? मीही याच वाटेने आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

मशिनरीची चिंता सोडा. आपण गॅस टर्बाइनवर वाढलेली माणसं; युद्धनौकांवरच्या एलएम२५०० या इंजिनाचा पॉवर टर्बाइन मिनिटाला ३,६०० फेरे घेतो. इथल्या मोठ्या मालवाहू जहाजाचं टू-स्ट्रोक इंजिन शंभराच्या आसपास फिरतं आणि त्याच्या सिलिंडरात माणूस उतरू शकतो. सहा महिन्यांत हात बसतो.

नडतं ते वेगळंच. पहिल्या मीटिंगमध्ये मी टेल शाफ्टच्या (पंखा फिरवणाऱ्या दांड्याच्या) सीलवर वीस मिनिटं बोललो. झीज किती, कारण काय, फोटोसकट. जहाजमालकाचा माणूस घड्याळाचा पट्टा चाचपत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे गुरुवारी, की शनिवारी?" जहाज गोदीत असेल तितके दिवस त्याचं भाडं बुडतं, त्याला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं. आपल्याकडे नौदलात रिफिट, म्हणजे जहाजाची मोठी दुरुस्ती, लांबलं की पत्रव्यवहार वाढायचा. इथे करारातलं दंडाचं कलम जागं होतं. बदलायच्या पोलादी प्लेटांचा दर किलोवर लावतात, हे मला पंचविशीतल्या एका एस्टिमेटर (खर्चाचा अंदाज काढणाऱ्या) मुलीने शिकवलं. माझी रँक काय होती, हे तिने आजतागायत विचारलेलं नाही.

आता कागदपत्रं. एम्प्लॉयमेंट पासच्या (इथे नोकरी करायच्या परवान्याच्या) नव्या अर्जाला २०२५ पासून किमान पगार महिना ५,६०० सिंगापूर डॉलर लागतो, पण ही मर्यादा वयाबरोबर चढत पंचेचाळिशीला १०,७०० पर्यंत जाते. शिवाय कॉम्पास या अर्जदाराला गुण देणाऱ्या पद्धतीत ४० गुण हवेत. वहिनींना नुसत्या डिपेंडंट पासवर (कुटुंबीयांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर) शिकवता येणार नाही. २०२१ पासून त्यासाठी स्वतंत्र वर्क पास लागतो. घरखर्चाचा हिशेब एका पगारावरच मांडा.

मुलाचं मात्र आत्ताच बोलून घ्या. तुमच्याबरोबर त्याने पीआर (कायमचा रहिवास) घेतली, तर अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा, करावी लागते. बापाने युनिफॉर्म उतरवायचा आणि पोराने चढवायचा! आमच्याकडे यावरून महिनाभर अबोला होता.

ऑफर लेटर आलं की दरमहाचा ठरलेला पगार आणि बोनस वेगवेगळे लिहून मला कळवा. बोनस पासच्या त्या किमान पगारात धरत नाहीत, आणि लोक नेमके तिथेच फसतात.