कृषी सल्ला : डीपीएफचा दिवा आणि वॉरंटीचा नकार

प्रश्न : ट्रॅक्टर वॉरंटीत आहे. डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतो, ओढ कमी झाली आहे. डीलर म्हणतो, डिझेल खराब वापरलं, फिल्टर तुमच्या खर्चाने बदला.

उत्तर : बदलू नका. आधी प्रिंट, मग पाना. इंजिनच्या कॉम्प्युटरमधले कोड छापून हातात येईपर्यंत एकही पार्ट खोलू देऊ नका.

डीपीएफ सहसा आपणहून चोंदत नाही, काजळी कुठून तरी येत असते. इंजेक्टर गळतो, टर्बोचं सील तेल सोडतं, इंटरकूलरचा होज फाटलेला असतो, नाहीतर ईजीआर वाल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकलेला असतो. मूळ दोष तसाच ठेवून नवा फिल्टर बसवला तर तोही चोंदतो, आणि मग पुन्हा ‘डिझेल खराब’ हेच ऐकावं लागतं. डिझेलवर खापर फोडणाऱ्याकडे नमुन्याचा तपासणी अहवाल मागा. अहवालाशिवाय ते कारण मान्य करू नका.

कित्येकदा फिल्टर ठणठणीत असतो आणि सेन्सर चुकीचं सांगतो. फिल्टरच्या अलीकडून आणि पलीकडून दोन बारीक नळ्या निघून प्रेशर सेन्सरला जातात. त्या उष्णतेने तडकतात, काजळीने किंवा पाण्याने बुजतात. प्रिंटवर एसपीएन (दोष कशात आहे ते सांगणारा कोड) ३२५१ असेल तर तक्रार या प्रेशरच्या मोजणीची आहे. त्याच्यापुढे एफएमआय (दोषाचा प्रकार सांगणारा आकडा) ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेजचा दोष आहे. वायर, कनेक्टर, सेन्सर आधी तपासायचे, फिल्टर नाही. नळ्या तुमच्यासमोर सोडून दाखवायला सांगा. वॉरंटीत असताना स्वतः पाना लावू नका. तेवढं निमित्त नकाराला पुरतं.

प्रिंटमध्ये इंजिनचे तास, काजळीची टक्केवारी आणि किती वेळा रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी तापवून जाळणं) अर्धवट थांबलं, हे तिन्ही हवं. जॉब कार्डावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, ‘जनरल चेकअप’ असं लिहिलेल्या कार्डावर सही करू नका. कोऱ्या कार्डावर तर नाहीच नाही. पैसे देऊन पार्ट बदललात तर जुना पार्ट ताब्यात घ्या. नकार तोंडी घेऊ नका, कारणासह लेखी मागा. लिहून द्यायची वेळ आली की निम्मी कारणं आपोआप गळतात.

प्रश्न : डीलर दर वेळी लॅपटॉप लावून फोर्स्ड रिजनरेशन करतो आणि बिल लावतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : एकदा ठीक. थोड्याच तासांत पुन्हा करावं लागलं तर तो इलाज नाही, मूळ दोष झाकणं आहे. कित्येक इंजिनांत यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. त्यातलं काही ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलं तर इंजिन चालवू नका, ऑइल बदला. राख तर जळतच नाही, ती फिल्टर काढूनच साफ होते. टाकीत ओतायची ‘डीपीएफ क्लीनर’ची बाटली घेऊ नका. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच, म्हणजे बहुधा सीके-४. जुन्या ट्रॅक्टरसाठी आणलेला डबा इथे चालत नाही.

ड्रायव्हरलाही बजावा: रिजनरेशन सुरू असताना इंजिन बंद करायचं नाही, घाई आहे म्हणून थांबवायचं बटण दाबायचं नाही. तेव्हा फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापतो, म्हणून ट्रॅक्टर कडबा, पाचट, गवत यांपासून लांब, उघड्यावर उभा करा.

प्रश्न : डीईएफ (धूर शुद्ध करायला लागणारं युरियाचं द्रावण) संपलं तर घरचा युरिया पाण्यात विरघळवून घालता येईल का?

उत्तर : नाही. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि क्षारमुक्त पाणी असतं. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट नावाची अशुद्धी असते, आणि विहिरीच्या पाण्यात क्षार. नोझलवर पांढरे खडे धरतात, कॅटलिस्ट (धूर शुद्ध करणारा भाग) निकामी होतो. तपासणीत हे लगेच कळतं आणि तिथे डीलरचा नकार योग्यच ठरतो. सुटं डीईएफही नको. सीलबंद कॅन घ्या, बॅच नंबरसह बिल ठेवा, कॅन सावलीत ठेवा.

प्रश्न : मेकॅनिक म्हणतो, डीपीएफ काढून सॉफ्टवेअर बदलतो, कटकट संपेल.

उत्तर : करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला हा बदल चालत नाही, वॉरंटीवर पाणी पडतं, आणि बदललेलं सॉफ्टवेअर कंपनीच्या तपासणीत उघडं पडू शकतं. मूळ काजळीचा दोष तर तसाच राहतो.

योजनेबद्दल विचारणाऱ्यांसाठी : यांत्रिकीकरणाचं अनुदान खरेदीला आहे, दुरुस्तीला नाही. वॉरंटीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत.

ट्रॅक्टरमध्ये एक वही ठेवाच. तास, ऑइलची ग्रेड, डीईएफचा बॅच नंबर, दिवा कधी लागला, रिजनरेशन पूर्ण झालं की नाही, एवढंच लिहा आणि दिवा लागताच मीटरसह फोटो काढा. वॉरंटी संपत आली असेल तर हंगाम उरकायची वाट पाहू नका. मुदतीच्या आतल्या तारखेचं जॉब कार्ड हातात असलं तर पार्ट महिनाभराने आला तरी दावा त्याच तारखेवर मांडता येतो.