‘रिव्होल्युशनरी रोड’मधल्या एप्रिलला नेमकं काय कमी होतं? हा सिनेमा बायकोबरोबर बघावा का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की एप्रिलला घर आहे, दोन मुलं आहेत, नवरा कमावता आहे, मग ही बाई एवढी धुमसते कशाला. हे मी माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच सोफ्यावर बसलेल्या माणसाकडून ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसले.

तिला काम नव्हतं. माझं उत्तर एवढंच आहे.

पॅरिसचं स्वप्न, नाटकात अपयश, पोकळ आयुष्य वगैरे समीक्षकांना लिहायला बरं असतं. पॅरिसची योजना नीट ऐका. तिथे जाऊन नोकरी ती करणार असते. परदेशातल्या सरकारी कचेऱ्यांत सेक्रेटरींना चांगला पगार मिळतो, याची चौकशीसुद्धा तिनेच केलेली असते. फ्रँकने, म्हणजे नवऱ्याने, घरी बसून आपल्याला काय करायचंय ते शोधायचं. १९५५ साली अमेरिकेतल्या कनेटिकटच्या उपनगरातली बाई नवऱ्याला सांगते की मी कमावते, तू बस. शेजारच्या कॅम्पबेल जोडप्याला ही बातमी कळते तेव्हा त्यांचे चेहरे बघा. त्यांना पॅरिसचा धक्का बसलेला नाही, या उलटापालटीचा बसलाय.

आणि मग योजना बारगळते ती कशामुळे? लोक म्हणतात, तिसऱ्या बाळंतपणामुळे. अजिबात नाही. नोकरी सोडायचीच आहे म्हणून फ्रँक ऑफिसात काहीतरी बेफिकीर मजकूर तयार करून देतो, तोच साहेबाला आवडतो आणि कॉम्प्युटर विभागात बढती समोर येते. बढती आधी आली, गरोदरपण नंतर. मूल हे त्याला आयतं निमित्त सापडलं.

आता माझं. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, कनेटिकटमधल्याच हार्टफर्डजवळ आला आणि मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून. हा व्हिसा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तेव्हाचा नियम: राहा, खा, शिका, पण कमावू नका. सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा मिळत नसे. मी कॉस्ट अकाउंटंट, लग्नाआधी एका कारखान्याचं बजेट माझ्या सहीने जायचं. इथे आल्यावर किराण्याच्या पावत्यांचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवायला लागले, पुढे तर कॉलम रंगवत बसायचे. आमच्या वस्तीत फूटपाथ नव्हता. दुपारी पायी निघालं की शेजारची म्हातारी गाडी थांबवून विचारायची, सगळं ठीक आहे ना? चालणारी बाई म्हणजे हिची गाडी बिघडली असणार, असाच तिथे समज.

आमचं ठरलं होतं की प्रोजेक्ट संपला की परत जायचं. माझ्या जुन्या साहेबांनी जागा ठेवतो म्हटलं होतं. मग नवऱ्याच्या कंपनीने ग्रीन कार्डची फाइल सुरू केली. कोणी ओरडलं नाही, ताटं आपटली नाहीत. ‘आता जरा थांबू या’ एवढंच झालं. त्या ‘जरा’त किती वर्षं बसतात ते भारतीयांच्या रांगेत उभं राहिलेल्यांना विचारा.

त्याच काळात टपालाने येणाऱ्या नेटफ्लिक्सच्या लाल पाकिटातून ही डीव्हीडी घरी आली. ‘टायटॅनिक’नंतर लिओनार्डो आणि केट विन्स्लेट पुन्हा एकत्र, म्हणजे प्रेमकथा असणार, म्हणून जाऊबाईंनीच मागवायला सांगितली होती. मोठे भाऊजी आणि जाऊबाई शनिवारी राहायला यायचे. सिनेमा निम्मा झाला नसेल तोच भाऊजींनी तुमचा प्रश्न विचारला. हिला कमी काय आहे? मग बाथरूमच्या कपाटात फ्रँकला एप्रिलने गर्भपातासाठी आणलेली रबरी नळी सापडते त्या प्रसंगाला म्हणाले, एवढं होतं तर आधी काळजी घ्यायची. फ्रँक तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगतो तेव्हा भाऊजींनी मान डोलावली, आणि माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, हिलाही कुठेतरी रमव रे, भजनी मंडळ आहे ना इथे. मी शेजारी बसलेली.

नवरा काय बोलला? काही नाही. रिमोटने आवाज वाढवला.

‘आधी काळजी घ्यायची’ हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. पुढे गावच्या लायब्ररीत वाचलं ते इथे सांगते, कारण तुमच्यासारखे बरेच जण हा सिनेमा आजच्या हिशेबाने बघतात. ज्या राज्यात ही गोष्ट घडते त्या कनेटिकटमध्ये १८७९ चा कायदा होता. गर्भनिरोधक साधन विकणंच नव्हे, वापरणंही गुन्हा. लग्न झालेल्या जोडप्यालासुद्धा. किमान ५० डॉलर दंड, नाहीतर ६० दिवसांपासून वर्षापर्यंत कैद. हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला १९६५ साली. गर्भपाताचा हक्क देशभर मिळाला तो १९७३ मध्ये, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तो देशभरचा हक्क काढून घेतला. बेडरूममध्ये पोलीस शिरत नव्हते हे खरं, कायद्याचा दांडका चालायचा तो मुख्यतः दवाखान्यांवर. पण एप्रिलला उघडपणे जाऊन विचारता येईल असं दार नव्हतंच. शेवटी ती घरात एकटीच गर्भपात करते आणि त्यात जीव गमावते, तो वेडाचा झटका नाही. त्या दिवशी उठते, स्वयंपाकघरात व्यवस्थित नाश्ता बनवते, नवऱ्याला त्याच्या नव्या कामाबद्दल विचारते. तो खुलून कागदावर आकृती काढून कॉम्प्युटर कसा चालतो ते समजावतो. अख्ख्या सिनेमातला तो सर्वांत भयंकर प्रसंग. भांडणं त्यापुढे काहीच नाहीत.

वेड्यांच्या इस्पितळातून आलेला, मिसेस गिव्हिंग्ज या ओळखीच्या बाईंचा मुलगा जॉन तेवढा खरं बोलतो, हे सगळ्यांनीच लिहिलंय, मी पुन्हा लिहीत नाही. त्या भूमिकेत मायकेल शॅननचं काम उत्तम आहे, ऑस्कर नामांकन उगाच मिळालेलं नाही.

आता हेही सांगायला हवं की फ्रँक काही राक्षस नाही. बाप ज्या कंपनीत झिजला त्याच कंपनीत हा तिशीला पोचलाय, तोही अडकलेलाच आहे. त्याचं अडकणं पगारी आहे, एवढाच फरक. आणि एप्रिलही साध्वी नाही. शेजारच्या शेप कॅम्पबेलला ती गाडीत जसं वापरून सोडते ते बघवत नाही. मुलांचं तर दिग्दर्शकाने फारच सोयीचं केलंय. सॅम मेंडिसला भांडण हवं असलं की मुलं गायब. खऱ्या घरात दोन मुलं असताना एवढं सलग भांडून तरी होतं का? रिचर्ड येट्सची मूळ कादंबरी १९६१ ची आहे, तीत मुलांना बरीच जास्त जागा आहे. तुम्हाला एप्रिल कळली नसेल तर ती वाचा.

बायकोबरोबर बघावा का? बघा. पण ती नोकरी सोडून तुमच्या बदलीच्या गावी आली असेल, तर ‘हिला काय कमी’ हे सिनेमा चालू असताना म्हणू नका. तिला आधी विचारा, तुझं काय काय राहिलं? आणि तिने उत्तर दिलं की लगेच तोडगा सांगायला जाऊ नका. भजनी मंडळ तर नाहीच नाही. मंडळाबद्दल माझा राग नाही, पुढे मी तिथे जातही होते, पेटीवर साथ बरी करते. पण ती नोकरी नव्हे. माझा काम करायचा परवाना २०१५ मध्ये नियम बदलल्यावर आला. आज मी परत बजेटं करते आणि आमचं लग्न शाबूत आहे, त्यामुळे आमच्यात एप्रिल-फ्रँक शोधू नका. सगळी प्रकरणं तशी संपत नाहीत.

आमचे भाऊजी इथे वाचत असतात असं कळलंय. भाऊजी, त्या शनिवारी शेवटची वीस-पंचवीस मिनिटं तुम्ही घोरत होतात. शेवट तुम्ही पाहिलेलाच नाही. घरं विकणारी मिसेस गिव्हिंग्ज नवऱ्यापाशी व्हीलर जोडप्याची, म्हणजे एप्रिल-फ्रँकची, निंदा करत सुटते, आणि तो म्हातारा कानातल्या यंत्राचा आवाज हळूहळू बंद करून नुसता तिच्याकडे बघत बसतो. जाऊबाई ते बघून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. का हसल्या, ते त्यांनाच विचारा. मला त्यांनी सांगितलंय.