घरी टकळी, वर्गात मौन : मोज्याच्या बाहुलीने काय साधतं

"घरी हिची टकळी थांबत नाही, पण शाळेत जूनपासून एक शब्द नाही. हट्टी आहे का हो ही?" पहिलीतल्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. कान आणि वाचा तपासून झाल्या होत्या, दोन्ही ठीक. काही ठिकाणी मोकळं बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी गप्पच राहत असेल आणि शाळेचा पहिला महिना उलटूनही हे टिकत असेल, तर त्याला निवडक मूकता म्हणतात. २०१३ च्या अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात ती चिंताविकारांत धरली आहे. म्हणजे मूळ भीतीत आहे, हट्टात नाही.

"काकांना नाव सांग ना" हे घरात आधी बंद केलं. मग तिच्याऐवजी बोलायला हातात घालायची मोज्याची बाहुली, विकतची नव्हे, तिनेच केलेली. कापताना-चिकटवताना मान खाली असते, तोंडाकडे कोणी बघत नाही, त्यामुळे बोलण्याचा ताण उतरतो.

मोजा आठ-दहा वर्षांच्या मुलाचा घ्यावा. मोठ्या माणसाचा घेतला की लहान हातावर तोंड लटकतं. जाड पुठ्ठ्याचा १२ बाय ६ सेंमी लंबगोल मधोमध दुमडायचा, मोज्याची पुढची शिवण उसवून तिथे फेव्हिकॉलने बसवायचा, आतून लाल कापड. रात्रभर वाळू द्या, नाहीतर हात घालताच पुठ्ठा निसटतो. डोळ्यांच्या बटणांची खूण मोजा हातात घालूनच करायची. सपाट मोज्यावर केली तर डोळे भलतीकडेच जातात. बटणं मोठ्यांनी शिवावीत, आत पुठ्ठ्याची पट्टी सरकवून. ती विसरलात तर मोज्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना शिवल्या जातात, आणि हे हमखास होतं.

तोंड उघडताना अंगठा खाली न्यायचा. चार बोटं वर उचलली की बाहुली छताकडे बघते. खेळताना मुलगी ज्यामागे बसते तो पडदा तिच्या डोक्याच्या जेमतेम वर असावा. उंच बांधला तर हात भरून येतो आणि बाहुली पडद्याआड बुडते. दोन मिनिटांचा खेळ पुरे. (सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या कळसूत्री, म्हणजे दोऱ्यांनी नाचवायच्या, बाहुल्या देखण्या, पण सगळं लक्ष दोऱ्यांत अडकतं. इथे नकोत.)

तिची बाहुली आधी मुकीच होती: मान डोलवायची, खाऊ पळवायची. मग "म्याँव". शब्द त्यानंतर, तेही शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात, फक्त आईशी. बाई आधी दाराबाहेर, काही दिवसांनी दारात, मग शेजारच्या बाकावर.

एकदा घोटाळा झाला. बाहुली कुजबुजताच बाई आनंदाने ओरडल्या, "बघा, बोलली!" मुलगी पुन्हा म्याँववर गेली. तेव्हापासून बाई मुलीकडे न बघता बाहुलीलाच विचारू लागल्या, "दूध हवं की मासा?" 'हो-नाही'चे प्रश्न टाळले, कारण त्यांना मान हलवून भागतं. उत्तरासाठी मनात पाचपर्यंत मोजायचं. मधे आपणच बोललो की तिची पाळी गेली.

आता हजेरीला बाहुली "हजर" म्हणते. "मग आता बाहुली काढून घेऊ का?" हा आईचा पुढचा प्रश्न. नको. ती दप्तरात राहू दे. आधी ओळखीच्या एका मैत्रिणीशी बाहुलीशिवाय खेळ सुरू करा. काही आठवडे एकाच पायरीवर अडकली तर मात्र बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका.