नव्या हिरवळीला युरिया कधी?

प्रश्न : घरामागच्या 20 चौरस मीटर जागेत हरळीचं बी पेरून 18 दिवस झाले. पेरणीआधी मातीत कुजलेलं शेणखत आणि थोडं डीएपी खत मिसळलं होतं. उगवण छान आहे, पण रंग फिकट पोपटी वाटतो. दिवसातून तीनदा पाणी देते. आता युरिया घालू का?

उत्तर : आत्ता नको. अजून तीन-चार आठवडे तरी युरियाची पिशवी उघडू नका.

हिरवळीच्या कडेला बसा आणि एक पातं दोन बोटांत धरून हलकेच ओढा. पांढऱ्या दोऱ्यासारखं मूळ घेऊन ते अलगद हातात आलं, तर रोपानं अजून जमीन धरलेली नाही. एवढ्याशा मुळाभोवती युरियाचं तीव्र द्रावण झालं, की मूळ पाणी ओढण्याऐवजी स्वतःतलंच पाणी गमावून बसतं. माझ्या पहिल्या हिरवळीवर मी विसाव्या दिवशी, पात्यांवर दव असतानाच, मुठीनं युरिया फेकला होता. चार दिवसांत हात जसा फिरला होता तसे तपकिरी पट्टे उमटले. ते पुन्हा पेरून भरून यायला दोन महिने गेले. म्हणून एवढं कळकळीनं सांगते.

फिकटपणाचं कारण मला पाण्यात दिसतं. उगवेपर्यंत वरची माती सतत ओली लागते, तेव्हा तीनदा पाणी बरोबरच होतं. आता त्यानं माती चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाती पिवळट होतात. आधी दिवसातून एकदा, मग एक दिवसाआड द्या, पण खोलवर मुरेल असं. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निचरून माती नुसती ओलसर राहिल्याशिवाय, पुढचं पाणी नको.

डीएपी आधीच मातीत मिसळलंत, हे फार चांगलं केलंत. त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जागचं फारसं हलत नाही, वरून टाकलेलं मुळांपर्यंत लवकर पोचत नाही. डीएपीत 18 टक्के नत्रही (नायट्रोजन, जे युरियातून मिळतं) असतं, सध्याची भूक त्यावर भागेल.

गवत 6 सेंटिमीटर झालं की 4 वर कापा. अशा दोन-तीन कापण्या झाल्यावर तुमच्या जागेला 100 ग्रॅम युरिया पुरे. कोरड्या वाळूत मिसळून निम्मा उभा, निम्मा आडवा फेका. पाती कोरडी हवीत, आणि लगेच भरपूर पाणी. पुढचा हप्ता महिन्यानं, तेवढाच.

तणनाशक मिसळलेलं लॉनचं खत मात्र यंदा आणूच नका, कोवळ्या गवताला ते सोसत नाही. तण दिसलं तर हातानंच उपटा, तेही माती ओलसर असताना, म्हणजे शेजारची हरळी उचकटणार नाही.