पोलिसांनी गाडी थांबवल्यास काय सांगणे बंधनकारक आहे

तुम्हाला नुकताच वाहन चालवण्याचा परवाना मिळाला असेल, तर हे सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखवावाच लागतो. मात्र तो छापील स्वरूपातच असला पाहिजे असे नाही, कारण डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधील प्रतही ग्राह्य धरली जाते. (फोनची बॅटरी संपली, तर ही सोय निरुपयोगी ठरते.) नाव आणि पत्ता खरा सांगावा, कारण कायद्याने मागितलेली माहिती जाणूनबुजून दडवणे किंवा खोटी देणे हा कलम १७९ खाली गुन्हा असून त्यासाठी २००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

मात्र ‘सिग्नल तोडला ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २०(३) सांगते. अशा वेळी खोटे बोलण्यापेक्षा ‘याबाबत मला काही सांगायचे नाही’ असे शांतपणे म्हणावे. मद्यपान तपासण्याच्या श्वासचाचणीला हे संरक्षण आहे असे समजून ती नाकारू नये, कारण मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०३ नुसार पोलीस ती मागू शकतात. परवाना जप्त केल्यास पोचपावती अवश्य मागून घ्यावी.